सेवकांनी उघडलेले खण

उत्तरा पोतनीसला नोकरीत कायम करून घ्यायचं तर कार्यकारी समितीपुढे काहीतरी ठोस ठेवावं लागणार, हे वाचनालयाचा ग्रंथपाल हरिहर खारकर याला कळून चुकलं होतं. नुसत्या विनंतीने समिती हलत नसे. दोनदा विनंती करून झाली होती आणि दोन्ही वेळा अध्यक्ष दाजीसाहेब वकिलांनी एकच प्रश्न विचारला होता, "खारकर, तुमची ती कार्डं बघतं कोण?"

प्रश्न वाकडा नव्हता. म्हणूनच हरिहरला तो झोंबला होता.

ठाण्यात खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ते वाचनालय होतं. बैठी, कौलारू इमारत. पुढे वर्तमानपत्रांची खोली, तिच्यामागे मोठं दालन, आणि दालनाच्या शेवटी जाळीपलीकडे पुस्तकांची कपाटं. वाचकाने जाळीपाशी उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं आणि देवघेवीच्या टेबलावरच्या प्रभाकरने ते आतून आणून द्यायचं, अशी पूर्वापार रीत होती. कुठली पुस्तकं आहेत हे कळायला एक छापील यादी होती, पण ती स्वातंत्र्याच्या बरीच आधीची. तिच्यातली कितीतरी पुस्तकं लोकांनी घरीच ठेवून घेतली होती, आणि नंतर आलेली तिच्यात नव्हती. हरिहर मुंबईला ग्रंथपालांचा वर्ग करून आला तो डोक्यात कार्डं घेऊनच. प्रत्येक पुस्तकाची तीन कार्डं : एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक विषयाचं. त्यांच्यासाठी लहान लहान खणांचं सागवानी कपाट करवून घेतलं, पितळी कड्यांचं. सुताराने ते फार सुरेख केलं होतं. दालनात शिरल्या शिरल्या ते समोर दिसे, आणि येणारी मंडळी त्याला छत्र्या टेकवून ठेवत.

उत्तरा या कार्डांच्या कामासाठी मदतनीस म्हणून आली, ती तात्पुरती. नवरा गेल्यापासून ती कल्याणला पारनाक्याजवळ सासऱ्यांकडे राहत होती. सासरे शांत, पण एका शब्दाचे. तात्पुरती नोकरी म्हणजे नोकरीच नव्हे, असं त्यांचं मत होतं. कायम झालीस तर माझी ना नाही, नाहीतर दिवाळीनंतर भुसावळला जा, तिथे तुझी गरज आहे, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. भुसावळला तिचे थोरले दीर रेल्वेत होते. जाऊबाई अंथरुणाला खिळलेल्या, घरात लहान मुलं, स्वयंपाकाला माणूस टिकत नाही. गरज होती यात खोटं काही नव्हतं.

हे उत्तराने हरिहरला एकदाच सांगितलं, कार्डांवर नंबर घालता घालता, मान वर न करता.

"गेले की परत येणं नाही, हरिहरराव. तिथे वाचनालय आहे का, तेही मला ठाऊक नाही. असलं तरी मला कोण जाऊ देणार आहे?"

बोलायच्या वेळी हरिहरला शब्द सुचत नसत, आणि सुचले की ते बरोबर आहेत का याची शंका येई. पण त्या आठवड्यात त्याने ग्रंथपालांच्या एका मासिकात वाचलं की प्रत्येक वाचनालयाने आपल्या कामाची आपणच पाहणी करावी; वाचक कार्डांची तालिका कशी वापरतात, कुठे अडतात, याची नोंद ठेवावी. ते वाचून त्याला एकदम मोकळं वाटलं. दाजीसाहेबांच्या प्रश्नाला हेच उत्तर होतं. कार्डं कोण बघतं? हे पाहा, इतके लोक बघतात. ती लिहायला माणूस लागतं, आणि ते माणूस कायमचं लागतं.

श्रावण लागताच पाहणी सुरू करायची आणि दसऱ्यानंतरच्या सभेत अहवाल ठेवायचा, असं ठरलं. नियम दोघांनी मिळून लिहायला घेतले. वाचकाने खण उघडला की एक रेघ. काय शोधलं, सापडलं की नाही, हे त्याच्यापुढे. दोन वाचकांनी मिळून एक खण उघडला तर रेघ एकच.

"आणि आपण उघडलेले?" उत्तराने विचारलं.

"आपले कसे धरायचे?"

"कार्ड घालायला उघडतो ते नाही म्हणत मी. दुपारी बायका येतात, त्यांच्यासाठी मी बघते ते."

हरिहरने टाक खाली ठेवला. "उत्तराबाई, तुम्ही इथल्या सेवक. तुमचे खण धरले तर उद्या कोणीही म्हणेल, यांनीच उघडले आणि यांनीच मोजले. आपणच आपली पाठ थोपटून घेतल्यासारखं होईल ते."

"पण मी माझ्यासाठी नाही उघडत."

"खरं आहे. पण कागदावर कसं दिसेल?"

तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "तुम्ही मुंबईला शिकून आलाय. तुम्ही म्हणाल तसं."

त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं : संस्थेच्या सेवकांनी उघडलेले खण धरू नयेत. लिहिताना त्याला बरं वाटलं. आपल्याकडून आपली बाजू घेतली जाईल ही भीती त्याला लहानपणापासून होती, आणि तिचा बंदोबस्त या एका ओळीने झाला असं त्याला वाटलं.

पाहणीसाठी त्याने आपलं टेबल दालनाच्या कोपऱ्यात, कपाट तिरपं दिसेल असं लावलं. पहिल्या दिवशी एका निवृत्त मामलेदारांनी खण उघडला, आत बोट घालून कार्डं पत्त्यांसारखी फिरवली, आणि बंद केला. हरिहर उठून अदबीने जवळ गेला.

"काय शोधत होतात आपण?"

"छे, छे. सुतारकाम बघत होतो. कुणी केलंय हो?"

दुसऱ्या एका गृहस्थांनी वर्तमानपत्र वाचून होईपर्यंत आपली तंबाखूची डबी खणात ठेवली आणि जाताना आठवणीने घेतली. शाळेतले एक मास्तर तेवढे खरोखर लेखकाचं कार्ड बघायला आले, पण त्यांना लेखकाचं आडनाव आठवेना, आणि ते जाळीपाशी जाऊन प्रभाकरला म्हणाले, "अरे, ते मागे मी नेलं होतं ना, निळ्या बांधणीचं?" प्रभाकरने ते आणून दिलं. बाकीचे सगळे सरळ जाळीपाशीच जात. नवीन काय आलंय विचारत. प्रभाकर देईल ते नेत.

दिवस जात होते आणि कागद कोरा राहत होता. प्रभाकर देवघेवीच्या टेबलावरून हे बघत असे. त्याला राहवेना.

"हरिभाऊ, ओढा की पाच-पंचवीस रेघा. कार्डं काय साक्षीला येणारेत?"

"प्रभाकर, पाहणी आहे ही."

"कसली पाहणी? उपास आहे उपास. तुम्ही धरलाय आणि उपाशी राहणार त्या बाई."

"हळू बोल."

"मी आपला खरं ते बोलतो. राग आला तर सोडून द्या."

त्यानंतर दोन दिवसांनी संध्याकाळी पाच-सहा तरुण एकदम आले आणि कपाटापाशी गर्दी करून खण उघडू-मिटू लागले. हरिहरने रेघा ओढल्या. मग त्यातल्या एकाने खणात डोकावून विचारलं, "प्रभ्या, अजून किती वेळ उघडायचे रे?" प्रभाकरने त्याला डोळ्यांनी दटावलं, पण व्हायचं ते झालं होतं. हरिहरने त्या रेघा खोडल्या. खोडताना बाजूला कारणही लिहिलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारची वेळ बायकांची असे. वेळ त्यांची म्हणायची एवढंच. दोन-तीन म्हातारे गृहस्थ जेवून आलेले असत आणि दालनातल्या आरामखुर्च्यांवर डुलक्या घेत पडलेले असत. त्यांना उठा म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे बायका दालनात येतच नसत. बाजूच्या बोळात एक बाक होतं, तिथे त्या बसत, आणि उत्तरा तिथे त्यांच्याजवळ जाऊन बसे.

हरिहर आपल्या कोपऱ्यातून हे सगळं बघत होता. चेंदणीच्या कोळीवाड्यातली मनुबाई यायची, अंगावर दागिने, मोठा आवाज. तिला वाचता येत नव्हतं. तिची नात वाचून दाखवी आणि घरच्या सगळ्या बायका ऐकत.

"बाय, ते सपला," पुस्तक बाकावर ठेवत ती म्हणे. "पन त्यान ती पोरगी मेली शेवटाला. आमची सगली रात रडली. आता कोन मरत नाय असा दे."

उत्तरा हसून उठे, कपाटापाशी येई, बरोबर तो खण ओढी. तिथे तिने स्वतः घातलेलं एक कार्ड होतं : कोणी न मरणाऱ्या कादंबऱ्या — पाहा : सुखान्त कथा. असं कार्ड घालावं का, यावर मागे दोघांचा वाद झाला होता. शास्त्रात असा विषय नाही, असं हरिहरचं म्हणणं होतं. उत्तरा म्हणाली होती, "शास्त्रात नसू दे. बाकावर आहे." मग 'पाहा'ची कार्डं वाढतच गेली. बायका ज्या शब्दांत विचारत त्या शब्दांत ती कार्ड लिही आणि तिथून पुस्तकाच्या खऱ्या विषयाकडे पाठवी. मूल होत नसेल तर — पाहा : स्त्रीरोग. नवरा नांदवत नसेल तर — पाहा : हिंदू कायदा. घरी बसून कमाई — पाहा : शिवणकाम, पापड-मसाले.

सगळ्याच बायका मनुबाईसारख्या मोठ्याने बोलत नसत. नौपाड्यातली एक तरुण मुलगी, सरस्वती तिचं नाव, ती तर उत्तराच्या कानाशी लागून बोले आणि बोलून झालं की पदराशी चाळा करत भिंतीकडे बघत बसे. उत्तरा मुकाट्याने येऊन कायद्याचा खण उघडे. पुस्तक आणून देताना वर एखादं पाककृतींचं पुस्तक ठेवी, म्हणजे बाकावरच्या दुसऱ्या बायकांना खालचं दिसू नये.

अशी एकेका दुपारी ती कितीदा उठायची. खण उघडायचा, मिटायचा. हरिहर पेन्सिल हातात धरून बघत बसे. एकदा जाता जाता तिने त्याच्या कागदावर नजर टाकली. तिथे तारीख होती आणि खाली काही नव्हतं. ती पुस्तक घेऊन बाकाकडे गेली.

आणि त्याला दिसत होतं. पुढे कितीतरी वर्षं हीच गोष्ट त्याला छळणार होती, की त्याला सगळं दिसत होतं. डोळ्यांसमोर जे चाललं होतं तेच कार्डांचं खरं काम होतं, हे त्याला श्रावण संपायच्या आतच कळलं होतं. पण नियम आधी ठरला होता. पाहणी अर्ध्यावर आल्यावर, आकडे वाईट दिसतात म्हणून नियम बदलणं म्हणजे अप्रामाणिकपणा. उत्तरासाठी बदलणं म्हणजे तर त्याहून वाईट, कारण ती जाऊ नये असं त्याला वाटत होतं, आणि ज्या गोष्टीत आपल्याला काही वाटतं तिथे आपलं मत घेऊ नये असं तो मानत आला होता.

अहवालात त्याने सगळं जसं घडलं तसं लिहिलं. तंबाखूची डबीसुद्धा.

सभा दसऱ्यानंतरच्या रविवारी दालनातच भरली. दाजीसाहेबांनी अहवाल स्वतः वाचून दाखवला. डबीपाशी सगळे हसले. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"मंडळी, मी वकिली करून म्हातारा झालो. स्वतःविरुद्ध इतकी सरळ साक्ष देणारा माणूस मी पाहिला नाही. खारकर, तुमचं अभिनंदन केलं पाहिजे."

"साहेब, एक सांगायचं होतं," हरिहर उठून म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना.

"बोला की."

"दुपारी बायका येतात. त्यांच्यासाठी पोतनीसबाई कार्डं बघतात. ते यात आलेलं नाही."

"का नाही आलं?"

"सेवकांनी उघडलेले खण धरू नयेत, असा नियम होता."

"कुणाचा नियम?"

"माझाच."

दाजीसाहेबांनी पुन्हा चष्मा लावून पहिलं पान काढलं. "हो, आहे. आणि चांगला नियम आहे. मी असतो तर हाच केला असता."

"पण तो चुकला, साहेब. ते धरायला हवं होतं."

"कधी कळलं तुम्हाला चुकल्याचं? आकडे आल्यावर?"

आधीच कळलं होतं, हे हरिहरला म्हणायचं होतं. आधी कळलं होतं तर बदललं का नाहीत, असं विचारलं असतं तर त्याला काही सांगता आलं नसतं.

"हे बघा, खारकर," दाजीसाहेब मायेने म्हणाले, "उत्तर मनासारखं आलं नाही म्हणून मोजमाप बदलायचं, याला पाहणी म्हणत नाहीत, कळवळा म्हणतात. कळवळा वाईट नाही. पण आपण समिती आहोत."

बरोबर हेच शब्द हरिहरने स्वतःशी कितीदा बोलून पाहिले होते. दुसऱ्याच्या तोंडून आल्यावर ते खोटे वाटतील असं त्याला वाटलं होतं. ते तितकेच खरे वाटले, आणि तो खाली बसला.

बाकीचं भराभर झालं. कार्डांचं काम यापुढे खारकरांनी सवडीने बघावं. मदतनिसाची तात्पुरती जागा महिनाअखेर बंद करावी. कपाट मागे जाळीजवळ हलवून तिथे वर्तमानपत्रांसाठी आणखी एक टेबल टाकावं. आणि ग्रंथपालांच्या सचोटीबद्दल समिती समाधान व्यक्त करते. शेवटच्या ठरावाला टाळ्या पडल्या. प्रभाकर दाराशी उभा होता. त्याने टाळी वाजवली नाही.

उत्तराला हे हरिहरने सोमवारी सांगितलं. ती नव्या पुस्तकांची कार्डं लिहीत होती. ऐकून घेतलं, हातातलं कार्ड पूर्ण केलं, टीपकागद लावला.

"बायकांचं सांगितलंत?"

"सांगितलं. पण नीट सांगता आलं नाही."

"हं."

"मी पुन्हा पाहणी करीन म्हणतो. नवे नियम करून. समिती नाही म्हणणार नाही."

"मी नसताना?"

तिने दौतीचं झाकण लावलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं.

"हरिहरराव, तुमचं कौतुक होऊ नये म्हणून तुम्ही तो नियम केलात. त्यात तुमचं काही नव्हतंच. जे होतं ते माझं होतं. ते न मोजायचं तुम्ही कुठल्या हिशेबाने ठरवलंत?"

"मला वाटलं, तेच योग्य."

"योग्यच असेल. दाजीसाहेबही म्हणाले म्हणे." ती उठली. "मी विचारलं होतं तुम्हाला. एकदाच विचारलं, हे माझं चुकलं. दोनदा विचारायला हवं होतं."

ती रागावली असती, रडली असती तर त्याला काही करता आलं असतं असं त्याला पुढे वाटत राहिलं, पण काय केलं असतं हे कधीच ठरवता आलं नाही. महिनाअखेरपर्यंत ती वेळेवर आली आणि वेळेवर गेली. बायकांना तिने काही सांगितलं नाही. शेवटच्या शुक्रवारी बाकावरून उठताना मनुबाई नेहमीसारखी "येते गो बाय" म्हणाली, आणि उत्तरा "या" म्हणाली. दिवाळी झाल्यावर प्रभाकर कुठूनसं ऐकून आला की बाई भुसावळला पोचल्या. पत्र काही आलं नाही. हरिहरनेही लिहिलं नाही. दोनदा लिहायला बसला, पण मायना काय घालावा इथेच अडला.

थंडीत त्याने दुसरी पाहणी सुरू केली. समितीने खरंच नाही म्हटलं नाही; दाजीसाहेब तर म्हणाले, "करा, करा, तुम्हाला आवड आहे." या वेळी नियम त्याने एकट्याने लिहिले. सेवकाने वाचकासाठी उघडलेला प्रत्येक खण धरावा, हा पहिला. बायकांच्या वेळेला तो आपली खुर्ची बोळाच्या तोंडाशी नेऊन बसू लागला.

पहिल्या मंगळवारी बाकावर तिघीजणी होत्या. उत्तरा कुठे म्हणून त्यांनी विचारलं. ती आता येणार नाही असं त्याने सांगितल्यावर त्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला काय हवं ते मला सांगा," हरिहर म्हणाला. "मी कार्डं बघून काढून देतो. मला सगळं सापडतं."

आतल्या खुर्चीवर कुणीतरी घोरत होतं. शेवटी टोकाला बसलेली, पोटाशी पिशवी धरलेली एक बाई उठली. तिच्या ओठांवर काहीतरी होतं. ती एक पाऊल पुढे आली. हरिहरने मान खाली घातली, तिला बोलायला सोपं जावं म्हणून जमिनीकडे बघत उभा राहिला, आणि वाट बघितली.

"काहीही द्या," ती म्हणाली.

"तरी पण? विषय?"

"तुम्हीच द्या एखादं. गोष्टीचं."

तो कपाटापाशी गेला. कपाट आता जाळीजवळ अंधारात होतं. त्याने एका कड्याला हात घातला, मग दुसऱ्या. कुठला खण ओढायचा ते त्याला कळेना. शेवटी कुठलाच न उघडता तो आत गेला आणि फळीवरचं हाताला लागलं ते पुस्तक घेऊन आला. त्या बाईने ते नाव न बघता पिशवीत घातलं. दुसरी म्हणाली, मलाही तसंच. तिसरी नको म्हणाली आणि निघून गेली.

पुढच्या शुक्रवारी बाकावर कोणी नव्हतं.